धीर पुष्कळ झाला, आता जिंका

यंदा, २०२५ च्या हंगामात, नेब्रास्काने नऊ सामने जिंकायला हवेत. सात नकोत, आठही नकोत. हंगाम सुरू व्हायच्या आधीच ही मागणी मी लिहून ठेवते आहे, कारण गेली कित्येक वर्षं आम्ही लिंकनमधले चाहते काही मागतच नव्हतो. आम्ही वाट बघत होतो. नवा प्रशिक्षक आला की त्याला वेळ द्यायचा, नवी मुलं आली की त्यांना सांभाळून घ्यायचं, हरले तरी उभं राहून टाळ्या वाजवायच्या. या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण आता मागायची वेळ आली आहे आणि मागायला भक्कम कारणंही आहेत.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. लिंकन ही अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याची राजधानी. राज्याची लोकसंख्या जेमतेम वीस लाख, आणि त्यात एकही मोठा व्यावसायिक संघ नाही. जे काही आहे ते विद्यापीठाच्या मुलांचा फुटबॉल संघ. हा फुटबॉल आपल्या कोल्हापूरचा किंवा गोव्याचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन खेळायचा, अकरा जणांचा, अंगावर चिलखत चढवून खेळायचा हा खेळ. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्याला द्यायचा. पलीकडच्या टोकाला पोचलात तर टचडाउनचे सहा गुण, आणि तेवढं जमलं नाही तर लाथेने खांबांमधून चेंडू मारायचा, त्याचे तीन. मैदानाचं नाव मेमोरियल स्टेडियम, आसनं ८५ हजारांवर. ३ नोव्हेंबर १९६२ पासून इथला प्रत्येक घरचा सामना पूर्ण विकला गेला आहे. सलग चारशेहून जास्त सामने. सामन्याच्या दिवशी या स्टेडियममध्ये जेवढी माणसं असतात, त्यापेक्षा मोठी वस्ती राज्यात फक्त ओमाहा आणि लिंकन या दोन शहरांची.

मी मूळची अकोल्याची. तिथल्या कृषी विद्यापीठात शिकले आणि २००१ च्या उन्हाळ्यात मक्याच्या पैदाशीवर पीएच.डी. करायला इथे आले. नेमकं तेच वर्ष. एरिक क्राउच क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सुरू करून चेंडू फेकणारा खेळाडू होता, आणि त्या डिसेंबरात देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइजमन चषक त्याला मिळाला. ऑक्टोबरात ओक्लाहोमाविरुद्धच्या सामन्यात एरवी चेंडू फेकणारा क्राउच स्वतःच धावत सुटला, सहकाऱ्याने फेकलेला चेंडू त्याने झेलला आणि थेट टचडाउन गाठला. माझ्या प्रयोगशाळेतले सगळे वयस्क, गंभीर शास्त्रज्ञ सोमवारी सकाळी त्या एका चालीचं चित्र फळ्यावर काढून एकमेकांना समजावत होते. मी तेव्हा खेळ शिकले तो त्या फळ्यावर. ११ सामने जिंकून संघ कोलोरॅडोला गेला आणि ६२-३६ असा हरला. मग रोझ बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात मायामीने ३७-१४ हरवलं. तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं की एक युग इथे संपलं.

संपलं मात्र खरं. १९६९ ते २००१ या काळात नेब्रास्काने एकाही हंगामात नवापेक्षा कमी सामने जिंकले नव्हते. त्यात पाच राष्ट्रीय विजेतेपदं: बॉब डेव्हॅनी यांच्या हाताखाली १९७० आणि १९७१, टॉम ऑसबॉर्न यांच्या हाताखाली १९९४, १९९५ आणि १९९७. म्हणून नवाचा आकडा इथे सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला. २००३ मध्ये फ्रँक सोलिच यांना नऊ विजय आणि तीन पराभव असताना काढलं. २०१४ मध्ये बो पेलिनी यांनाही नेमके तेवढेच, नऊ-तीन असताना काढलं. नऊ पुरत नव्हते! त्यानंतर २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं पराभव विजयांपेक्षा जास्त. १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक स्कॉट फ्रॉस्ट प्रशिक्षक होऊन घरी परतला तेव्हा गावोगाव आनंद झाला होता. त्याच्या वाट्याला १६ विजय आणि ३१ पराभव आले.

या काळातला खरा सल पराभवांच्या संख्येचा नाही, त्यांच्या पद्धतीचा आहे. २०२१ चा हंगाम घ्या. तीन विजय, नऊ पराभव, आणि ते नऊच्या नऊ पराभव एक आकडी गुणांनी. वर्षभराची बेरीज केली तर संघाने घेतलेले गुण दिलेल्या गुणांपेक्षा जास्त भरत होते. असा संघ कमजोर नसतो. तो शेवटच्या पाच मिनिटांत हात आखडणारा असतो. मिनेसोटाने २०१९ ते २०२३ अशी सलग पाच वर्षं आम्हाला हरवलं, त्यातले चार सामने सात किंवा त्याहून कमी गुणांनी. आयोवाचं तर विचारूच नका. शेजारचं राज्य, सीमेवर फक्त मिसुरी नदी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी सामना. २०२३ मध्ये १३-१०, घड्याळ संपताना मारलेल्या किकवर. २०२४ मध्ये पुन्हा १३-१०, पुन्हा घड्याळ संपताना, या वेळी ५३ यार्डांवरून. त्या दुसऱ्या सामन्यात मध्यंतराला आम्ही १०-० पुढे होतो आणि एकूण यार्ड आयोवाच्या जवळजवळ दुप्पट कमावले होते. शेवटच्या क्षणांत आमच्या क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू सुटला आणि तिथून ती किक आली.

लोक याला नशीब म्हणतात. मी म्हणत नाही. मका-ज्वारीचं वाण कसं आहे हे भरपूर पाऊस झालेल्या वर्षी कळत नाही, ते पावसाने दडी मारलेल्या वर्षी कळतं, आणि संघाचंही तसंच असतं. एखाद-दुसरा सामना नशिबाने जातो. सहा-सात वर्षं त्याच रीतीने सामने जात असतील तर ती सवय आहे आणि सवय घडवलेली असते. किक अडवली जाणं, पंट, म्हणजे समोरच्याने लांब लाथाडलेला चेंडू, झेलताना निसटणं, दंड ओढवून घेणं, चौथ्या, शेवटच्या डावात पुढे असताना अंग चोरून खेळणं: ही सगळी सरावात दुरुस्त होणारी कामं आहेत.

अंग चोरून खेळण्याबद्दल बोलताना मला नेहमी २ जानेवारी १९८४ ची ती रात्र आठवते. मी ती पाहिली नाही, तेव्हा मी अकोल्यात शाळेत होते. पण लिंकनमध्ये राहून ती माहीत नसणं शक्य नाही. ऑरेंज बोल, समोर मायामी, तेही मायामीच्याच मैदानात. नेब्रास्का देशात पहिल्या क्रमांकावर, पूर्ण हंगाम अपराजित. मिनिटभरापेक्षा कमी वेळ उरला असताना टचडाउन झाला आणि गुणफलक ३१-३० झाला. टचडाउननंतर मिळणारी एका गुणाची सोपी किक मारली असती तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरी झाली असती तर विजेतेपद बहुधा नेब्रास्कालाच मिळालं असतं, कारण तेव्हा ते मतांवर ठरत असे. ऑसबॉर्न यांनी किक मारली नाही. त्यांनी दोन गुणांचा प्रयत्न केला, जिंकण्यासाठी. चेंडू मायामीच्या खेळाडूच्या बोटांना लागून उडाला. सामना गेला, विजेतेपद गेलं. पण त्या निर्णयाबद्दल वाईट बोलणारं माणूस मला या राज्यात आजवर भेटलेलं नाही. पहिलं विजेतेपद मिळायला ऑसबॉर्न यांना त्यानंतर आणखी अकरा वर्षं लागली, तरीही लोक त्यांच्या मागे उभे राहिले. २५ हंगाम, २५५ विजय. आमचा धीर हा असा जन्मला आहे. जिंकायला निघालेल्या माणसासाठी धरलेला धीर तो. गुणफलक राखत बसणाऱ्या संघासाठी तोच धीर खर्च करायला मी आता तयार नाही.

यंदा आशा का वाटते, ते सांगते. प्रशिक्षक मॅट रूल यांचं हे तिसरं वर्ष. टेम्पल विद्यापीठात त्यांनी पहिल्या वर्षी दोन सामने जिंकले, दुसऱ्या वर्षी सहा, तिसऱ्या वर्षी दहा. बेलरमध्ये पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी सात, तिसऱ्या वर्षी अकरा. इथे पहिल्या वर्षी पाच, दुसऱ्या वर्षी सात. हा हिशेब सध्या लिंकनमधल्या प्रत्येक न्हाव्याच्या दुकानात, प्रत्येक पेट्रोल पंपावर ऐकू येतो. मी त्यावर पूर्ण विसंबत नाही. टेम्पल आणि बेलर यांच्यासमोरचे संघ वेगळे होते, आणि तेव्हा चांगलं खेळलेला मुलगा पुढच्या जानेवारीत दुसऱ्या विद्यापीठात निघून जाण्याची भीती आजच्याइतकी नव्हती. पण रूल यांच्या कामाची रीत मला पटते: आधी शरीरं, मग शिस्त, मग चाली. गेल्या डिसेंबरात यँकी स्टेडियममध्ये बोस्टन कॉलेजला २०-१५ हरवून संघाने २०१५ नंतरचा पहिला बोल सामना जिंकला. शेवटी फरक कमी होत गेला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, पण या वेळी संघ कोसळला नाही.

क्वार्टरबॅक डिलन रायोला यंदा दुसऱ्या वर्षात आहे. त्याचे वडील डॉमिनिक याच संघाचे सेंटर होते, काका डोनोव्हन यंदा संघाच्या आक्रमणातल्या पहिल्या फळीला शिकवतात. पहिल्या वर्षी त्याने २,८१९ यार्ड फेकले, १३ टचडाउन दिले आणि ११ वेळा चेंडू समोरच्यांच्या हाती दिला. शेवटचा आकडा निम्म्यावर आला पाहिजे. गेल्या नोव्हेंबरात डेना हॉलगोरसन आक्रमणाची सूत्रं घ्यायला आले आणि त्यांच्या दुसऱ्याच सामन्यात संघाने विस्कॉन्सिनवर ४४ गुण चढवले. विस्कॉन्सिनला हरवायला आम्हाला २०१२ नंतर तेव्हा पहिल्यांदा जमलं. केंटकीहून डेन की आणि कॅलिफोर्नियाहून नायझाया हंटर हे झेल घेणारे आले आहेत, नोट्र डेमहून रॉको स्पिंडलर आणि अलाबामाहून एलायजा प्रिचेट पहिल्या फळीत आले आहेत.

माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं माणूस मात्र वेगळंच आहे: माइक एकलर. टेनेसीहून आलेले, नेब्रास्कातच वाढलेले, पंट आणि किक या सगळ्यांची जबाबदारी घेणारे. वर ज्या सवयी सांगितल्या, त्यांतल्या निम्म्या त्यांच्या खात्यात मोडतात. खेळाडूंच्या बातम्या पहिल्या पानावर येतात आणि एकलर यांच्यासारख्यांच्या आतल्या पानावर, पण नऊ आणि सात यांच्यातलं अंतर तेच भरून काढतील असं मला वाटतं.

काळजी बचावफळीची आहे. टाय रॉबिन्सन आणि नॅश हटमाकर ही मधली दोन भक्कम माणसं गेली, बचावाचे प्रशिक्षक टोनी व्हाइट फ्लोरिडा स्टेटला गेले आणि त्यांची जागा जॉन बटलर यांनी घेतली. समोरच्या संघाने सरळ मधून धावायचं ठरवलं तर काय, याचं उत्तर मला अजून दिसत नाही.

पहिला सामना सिनसिनाटीशी, २८ ऑगस्टला, गुरुवारी रात्री आठ वाजता, कॅन्सस सिटीच्या अॅरोहेड स्टेडियममध्ये. आदल्या दिवशी गणेश चतुर्थी. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी विसर्जन आणि लगेच सामना. मोदकांच्या शेजारी यंदा रंझाही असतील. कोबी आणि खिमा भरलेला हा पाव व्होल्गाकाठच्या जर्मनांनी इकडे आणला आणि तो नेब्रास्काचाच होऊन गेला. घरातल्या शाकाहाऱ्यांसाठी मी त्यात बटाट्याची भाजी भरते. अकोल्यात तेव्हा शुक्रवारची सकाळ साडेसहाची असेल, आणि ज्यांना हा खेळ एकदा बघायचा आहे त्यांनी त्या दिवशी जरूर बघावा. कॅन्सस सिटी लिंकनपासून तीन तासांवर आहे. कागदावर घरचा संघ सिनसिनाटी असला तरी मैदान आमच्या लाल रंगाचंच दिसणार.

पुढे अॅक्रन आणि ह्यूस्टन ख्रिश्चन हे हलके सामने. मग २० सप्टेंबरला मिशिगन, लिंकनमध्ये. दोन वर्षांपूर्वी याच मैदानात त्यांनी आम्हाला ४५-७ झोडपलं आणि त्या हंगामात ते राष्ट्रीय विजेते झाले. क्रमवारीतल्या पहिल्या पंचविसांतल्या संघाला आम्ही सप्टेंबर २०१६ मध्ये ओरेगॉनला हरवल्यानंतर हरवलेलं नाही. नऊ वर्षं! ही साखळी तुटायला २० सप्टेंबरसारखा दिवस नाही. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मिशिगन स्टेट, मग मेरीलँड, आणि वसुबारसेला मिनेसोटा, त्यांच्या थंडीत, शुक्रवारी रात्री. नोव्हेंबरात यूएससी, यूसीएलए, पेन स्टेट आणि शेवटी आयोवा, घरी.

आता एक तक्रार, आणि ती संघाच्या कारभाऱ्यांकडे आहे. दर वसंतात होणारा आपसांतला प्रदर्शनी सामना यंदा त्यांनी रद्द केला. रूल यांचं म्हणणं असं की आमची मुलं टीव्हीवर झळकली की दुसरे संघ त्यांना पळवायला टपलेले असतात. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा आहे, आणि १ जुलै २०२५ पासून, न्यायालयात झालेल्या समझोत्यामुळे, विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत, म्हणजे सुमारे पावणेदोनशे कोटी रुपये. मुलांना पैसे मिळणं मला पूर्ण न्याय्य वाटतं. त्यांच्या गुडघ्यांवर आणि डोक्यांवर हा सगळा व्यवहार उभा आहे, आणि अनेक दशकं तो प्रशिक्षकांना कोट्यधीश करून मुलांना वसतिगृहाची खोली देत होता. पण तो वसंतातला सामना हा संघाचा नव्हता, तो राज्याचा होता. हंगामी तिकीट परवडत नाही अशी शेतकरी कुटुंबं पश्चिमेकडच्या गावांतून पाच-सहा तास गाडी चालवत त्या एका दिवशी लेकरांना मैदान दाखवायला आणत. साठ-साठ हजार लोक जमत. टेनेसीशी २०२६ आणि २०२७ मध्ये ठरलेले सामनेही रद्द केले, कारण स्टेडियमच्या नूतनीकरणाचं दिलं. मला ते पटलेलं नाही. मोठ्या संघाशी खेळायचं टाळून मोठं होता येत नाही. याच मैदानाने ३० ऑगस्ट २०२३ ला मुलींच्या व्हॉलीबॉल सामन्याला ९२,००३ प्रेक्षक बसवले होते. एवढी माणसं येतात ती संघावर उपकार करायला नव्हेत. हे आपलंच आहे असं त्यांना वाटतं म्हणून येतात. ते वाटणं कारभाऱ्यांनी जपायला हवं आणि पुढच्या वसंतात तो सामना परत आणायला हवा.

माझा थोरला भाऊ अकोल्यात असतो, क्रिकेटचा वेडा. त्याने गेल्या आठवड्यात फोनवर विचारलं, "अगं, इतकी वर्षं हरतायत, तरी तू दर शनिवारी बसतेसच?" मी म्हटलं, "दादा, हरतात म्हणून नाही बसत. समोरचा संघ हरून बाहेर जातो तेव्हासुद्धा आमचे लोक उभे राहून त्याला टाळ्या देतात, त्या माणसांबरोबर बसते." तो म्हणाला, "मग जिंकायची काय घाई?" घाई आहे, दादा. आमच्या गल्लीत १९६२ पासून तीच दोन आसनं राखून असलेले एक आजोबा आहेत. त्यांच्या बायकोच्या पश्चात दुसऱ्या आसनावर आता नात बसते. ती विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे आणि तिला कळायला लागल्यापासून तिने हा संघ नऊ सामने जिंकलेला पाहिलेला नाही. २०१६ ला जिंकले होते, तेव्हा ती तिसरी-चौथीत. आजोबांच्या बोलण्यातला नेब्रास्का आणि तिने पाहिलेला नेब्रास्का हे दोन वेगळे संघ आहेत, आणि त्या दोघांना एकाच वर्षी एकच संघ दिसावा एवढंच मला हवं आहे.

तर माझा हिशेब असा. सिनसिनाटी, अॅक्रन, ह्यूस्टन ख्रिश्चन, मिशिगन स्टेट, मेरीलँड, नॉर्थवेस्टर्न, यूसीएलए: हे सात जिंकलेच पाहिजेत. पेन स्टेटला त्यांच्या घरी हरू, असं धरून चालते. मिशिगन, मिनेसोटा, यूएससी आणि आयोवा या चौघांपैकी दोघांना हरवायचं आहे, आणि हे चारही सामने शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत जातील. मी मिशिगन आणि आयोवा निवडते. आयोवा १७-१३, आणि शेवटी चेंडू आमच्या हातात.